क्रूझ बंदराला लागली की स्वतःची गाडी करून फिरताना

मंडळी, आदिलाबादला समुद्र नाही, आपल्या होड्या तलाव-धरणावरच्या. पण उद्या पोरांनी पैसे साठवून आई-बाबांना मुंबई-गोवा क्रूझला पाठवलं, तर एवढं वाचून ठेवा.

गोव्यात क्रूझ मुरगाव बंदराला लागते. तिथून जुनं गोवं रस्त्यानं साधारण 30 किलोमीटर. घरचे चार-पाच जण असतील तर जहाजवाल्यांच्या सहलीपेक्षा आपली टॅक्सी बहुतेक वेळा स्वस्त पडते, हवं तिथं थांबताही येतं. पण जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा वाट बघतं. तुमची टॅक्सी अडकली तर निघून जातं! मग पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठायचं.

म्हणून जहाज सुटायची वेळ धरू नका. सगळ्यांनी चढायची वेळ त्याच्या आधीची असते, ती विचारा, आणि तिच्याही दोन तास आधी बंदराच्या गेटवर या. जहाजाचं कार्ड, आधार आणि बंदरातल्या एजंटचा नंबर खिशात ठेवा. टॅक्सीचे निम्मे पैसे परत आल्यावरच द्या.

मुंबईत दिवस मोकळा मिळाला तर घारापुरीला जाता येतं. गेटवेवरून लाँचला एका बाजूचा तासभर लागतो, आणि सोमवारी लेणी बंद.