दुखतं पायात, दुखणं कमरेत: सायटिकामध्ये फिजिओथेरपी नेमकं काय करते?

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गोणी वाहणारे माथाडी कामगार आणि ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांमध्ये दिवसभर खुर्चीत बसणारी तरुण मुलं. दोघांच्या कामात काहीच साम्य नाही. पण डॉक्टरांसमोर दोघांची तक्रार सारखीच असू शकते: कमरेतून कळ निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि पार पावलापर्यंत जाते. खोकलं किंवा शिंकलं की आणखी जोरात.

घरच्यांचं निदान ठरलेलं असतं, "नस दबली आहे." उपायही ठरलेला, "पडून राहा." यातलं निदान बऱ्याचदा बरोबर असतं. उपाय मात्र चुकतो.

पायात कळ, मग दोष कमरेत कसा?

कमरेच्या खालच्या भागातून निघणारी नसांची पाच मुळं एकत्र येऊन सायटिक नस तयार होते. ही शरीरातली सगळ्यात जाड नस. नितंबातून मांडीच्या मागे आणि तिथून फाटे फुटून पावलापर्यंत जाते. दोन मणक्यांमधली गादी बाहेर सरकून यातल्या एखाद्या मुळाला टेकली की मूळ दबतं आणि सुजतं. कळ मात्र त्या नसेच्या वाटेवर कुठेही जाणवते. म्हणूनच पोटरीला कितीही तेल चोळलं तरी मूळ जागी फरक पडत नाही.

आणि हो, "मणक्यात गॅप आली" असं आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं: गादी झिजून दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली दिसली. म्हणजे फोटोत दिसतंय तेच दुखतंय, असं दरवेळी नसतं.

फिजिओथेरपिस्ट काय बघतात?

आधी तपासणी. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलतात, कळ कुठे सुरू होते ते बघतात. अंगठ्यात जोर आहे का, टाचांवर चालता येतं का, पायाला कुठे बधिरपणा आहे का, हे तपासतात. मग कमरेच्या वेगवेगळ्या हालचाली करायला लावतात आणि कोणत्या हालचालीने कळ कुठे सरकते, ते विचारतात.

या शेवटच्या प्रश्नामागे एक किस्सा आहे. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या क्लिनिकमध्ये १९५६ मध्ये पाय दुखणारा एक पेशंट आला. डोक्याकडचा भाग उचललेल्या टेबलावर तो चुकून पालथा झोपला आणि काही मिनिटं कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत तसाच पडून राहिला. मॅकेन्झी आत आले तेव्हा त्याची पायातली कळ थांबली होती. त्यातूनच पुढे मॅकेन्झी पद्धत उभी राहिली.

तिच्यातली सगळ्यात उपयोगी खूण अशी: व्यायामानंतर कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत अशी वर सरकत असेल, तर व्यायाम योग्य आहे. त्यावेळी कंबर थोडी जास्त दुखली तरी चालतं. कळ आणखी खाली उतरत असेल, तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

म्हणूनच रील बघून व्यायाम निवडणं धोक्याचं आहे. भुजंगासनासारखं मागे वाकल्यावर एखाद्या तरुणाला आराम पडेल. पण वयामुळे मणक्याची नळी अरुंद झालेल्या आजोबांना त्याच व्यायामाने त्रास वाढू शकतो, त्यांना पुढे वाकल्यावर बरं वाटतं. रील बनवणाऱ्याला तुमची कंबर माहीत नसते.

मशीन, पट्टा आणि ट्रॅक्शन

बऱ्याच जणांसाठी फिजिओथेरपी म्हणजे वीस मिनिटं करंट घेऊन घरी येणं. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, करंट आणि कमरेचे पट्टे देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. भर व्यायामावर आणि रोजची कामं चालू ठेवण्यावर दिला. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण आठवडाभर जाऊनही एकही व्यायाम शिकवला नसेल, तर विचारायला हवं.

मग पडून राहण्याचं काय? नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे पडून राहिलेले आणि जमेल तसं हिंडते-फिरते राहिलेले, दोन्ही गटांत १२ आठवड्यांनंतर सारखेच, ८७ टक्के लोक सुधारले होते. पडून राहून वेगळा फायदा झाला नाही. फार कळ असेल तर एक-दोन दिवस आडवं व्हा, मग घरातल्या घरात का होईना, चाला.

यात मात्र थांबू नका

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं, यापैकी काहीही झालं तर फिजिओकडे नाही, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. अशा वेळी तातडीने ऑपरेशन लागू शकतं आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. पाऊल उचलताना लोंबत असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नवी मुंबईत नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम अशी फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. खासगी क्लिनिकमध्ये जात असाल तर फिजिओथेरपिस्टची पदवी आणि नोंदणी विचारा, त्यात संकोच नको.

बरं वाटल्यावर कामावर परतणं हा शेवटचा टप्पा, आणि इथे सुरुवातीची ती दोन माणसं पुन्हा वेगळी होतात. ऑफिसमधला मुलगा दर अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायला जाऊ शकतो. माथाडी कामगाराला गोणी उचलावीच लागते. त्याच्यासाठी पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू बळकट करणं, हलक्या वजनापासून हळूहळू वर जाणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो. गोणी ५० किलोंपेक्षा जड नको, ही माथाडींची जुनी मागणीही याच कमरेशी जोडलेली आहे.