ऐकूं येणें आणि समजणें

आपल्या पूर्वजांनीं ज्ञानाचें द्वार म्हणून कानाला मोठा मान दिला. वेदांना ‘श्रुति’ हें नांव पडलें तें ते ऐकून जतन झाले म्हणून. आणि विद्वानाला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतों. असें असूनही कानाच्या बाबतींत आपल्या सुशिक्षित घरांत एक विलक्षण संकोच दिसून येतो. चाळिशी उलटली कीं मनुष्य निमूटपणें चष्मा लावतो, दांत पडले कीं कवळी बसवितो. परंतु कान मंदावले तर तें तो जगापासून, आणि त्याहूनही अधिक स्वतःपासून, लपवितो. आम्हींही तेंच केलें. त्यापायीं घरांत जें घडलें तें सांगतांना थोडी लाज वाटते. तथापि इतर कुटुंबांस उपयोग होईल म्हणून सांगतों.

साठी उलटल्यावर आमची अशी समजूत होऊं लागली कीं, हल्लींची माणसें स्पष्ट बोलतच नाहींत. सूनबाईंनीं ताट मागितलें तर आम्ही पाट पुढें करीत असूं. दूरदर्शनचा आवाज आम्ही वाढवावा आणि चिरंजीवांनीं कमी करावा, असा नित्यक्रम झाला. चारचौघांत बोलणें समजलें नाहीं कीं आम्ही हंसून मान डोलावीत असूं. ती युक्ति बहुतेक वेळां साधे, म्हणून ती अंगवळणी पडली.

आमची अकरा वर्षांची नात रोज सायंकाळीं आमच्यापाशीं बसून शाळेंतील हकिकत सांगे. एके दिवशीं ती खिडकीशीं उभी राहून, खालीं मान घालून कांहीं बोलली. आम्हांस शब्द कळले नाहींत. संवयीप्रमाणें आम्ही म्हणालों, “वा, छान!” पोर क्षणभर आमच्याकडे पाहात राहिली आणि आंत निघून गेली. रात्रीं सौ. म्हणाली, “अहो, वक्तृत्वाच्या स्पर्धेसाठीं तिला निवडलें नाहीं, हें ती सांगत होती. आणि तुम्ही तिला शाबासकी दिलीत!” त्यानंतर आठ दिवस नात आमच्याजवळ येऊन बसली नाहीं. शाळेंत असतांना, न ऐकतां मान डोलावणाऱ्या मुलाला आम्ही उभें करून प्रश्न विचारीत असूं. त्याची आठवण होऊन आम्ही मनांत फार वरमलों.

दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. प्रथम त्यांनीं मळ नाहीं ना, हें पाहिलें. कारण कित्येकदां नुसत्या मळानेंही ऐकूं येईनासें होतें. नंतर बंद खोलींत निरनिराळ्या उंचीचे स्वर ऐकवून एक आलेख काढण्यांत आला. खालचे स्वर आम्हांस पुष्कळ चांगले ऐकूं येत होते; वरचे मात्र जवळजवळ नाहींसे झाले होते.

याचें कारण समजलें तेव्हां आमच्यांतला जुना संस्कृत शिक्षक जागा झाला. अंतःकर्णांत शंखासारखी वळलेली एक नळी असते. तींत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. नळीच्या मुखाजवळच्या पेशी उंच स्वर टिपतात आणि वयोमानानें त्याच प्रथम झिजतात. मनुष्याच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. आतां बोलण्याचा जोर स्वरांत असतो, परंतु अर्थाचा भेद बहुतांशीं व्यंजनांनीं होतो. आणि ‘खर्’ प्रत्याहारांतील अघोष वर्ण, म्हणजे वर्गांतील पहिले व दुसरे वर्ण आणि श, ष, स, हे मुळांतच क्षीण असून त्यांतील पुष्कळांचा नाद उंच असतो. म्हणून ‘ताट’ आणि ‘पाट’ यांतील ‘आ’ ऐकूं येतो, पण त्याआधींचें अक्षर हरवतें. “ऐकूं येतें, पण समजत नाहीं,” अशी जी वृद्धांची तक्रार, ती अशी अक्षरशः खरी असते. ओरडून बोलल्यानें स्वर तेवढा मोठा होतो, व्यंजन स्पष्ट होत नाहीं. शिवाय ऐकणाऱ्याला आपणांवर कोणी रागावलें आहे असें वाटतें. मुलांचा आवाज उंच, म्हणून घरांतील सर्वांत लहान माणूसच आमच्या कानांतून आधीं निसटलें होतें.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही सालच्या अहवालांत, स्मृतिभ्रंशाच्या टाळतां येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाची गणना केली आहे. २०२३ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत ७० ते ८४ वर्षे वयाचीं ९७७ माणसें तीन वर्षे पाहण्यांत आलीं. श्रवणयंत्राचा सर्वांस सरसकट फायदा दिसला नाहीं. परंतु ज्यांस मुळांत धोका अधिक होता, त्यांच्या बुद्धीचा ऱ्हास ४८ टक्क्यांनीं मंदावला. यंत्र म्हणजे स्मृतीचें रामबाण औषध, असें कोणी समजूं नये. पण उपेक्षाही करूं नये.

आम्हीं यंत्र घेतलें. पहिले कांहीं दिवस वर्तमानपत्राची सळसळ आणि भांड्यांचा खणखणाट असह्य झाला. हें होणारच, मेंदूला संवय लागण्यास कांहीं आठवडे लागतात, असें डॉक्टरांनीं आधींच बजावलें होतें. याच टप्प्यावर पुष्कळ यंत्रें खणांत जाऊन पडतात. धीर धरून तें रोज लावावें, हाच उपाय.

घरच्या मंडळींस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आधीं हांक मारून लक्ष वेधावें. मग समोर, उजेडांत येऊन सावकाश बोलावें. मिक्सर किंवा दूरदर्शन चालूं असल्यास तेवढ्यापुरतें बंद करावें. वाक्य कळलें नाहीं तर तेंच पुन्हां न ओरडतां निराळ्या शब्दांत सांगावें. आणि “जाऊं द्या, कांहीं नाहीं,” असें म्हणूं नये. त्या तीन-चार शब्दांनीं माणूस घरांत असून घराबाहेर पडतो. वडील मंडळींनींही कानांत तेल किंवा काडी घालूं नये, आणि एका कानानें एकाएकीं ऐकूं येईनासें झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें; त्या विकारांत उपचाराचा काळ थोडा असतो.

आमचें स्वतःचें कर्तव्य मात्र यंत्रापूर्वींचें होतें. एके सायंकाळीं नातीला जवळ बोलावून आम्ही म्हणालों, “त्या दिवशीं तूं काय म्हणालीस तें मला ऐकूं आलें नव्हतें, आणि तसें मीं कबूल केलें नाहीं. चूक माझी.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजोबा, मग तेव्हांच विचारायचं होतं ना! मी पुन्हां सांगितलं असतं.” आणि तिनें ती स्पर्धेची सारी हकिकत अगदीं पहिल्यापासून सांगितली. आतां कांहीं कळलें नाहीं तर आम्ही मान डोलावीत नाहीं; “पुन्हां सांग,” म्हणतों.