वाटाण्याचा चित्रपट

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी त्यांनी त्यावर काय टिपले, ठाऊक आहे? कुंडीतल्या वाटाण्याची वाढ! थांबून थांबून एकेक चित्र घ्यायचे, असा त्यांचा बरेच दिवस उद्योग चालला. पडद्यावर मात्र रोप झरझर वाढले.

चित्रीकरण शिकायचे, तर सुट्टीत तुम्हीही हेच करा. वाटीतल्या ओल्या मातीत चवळी पेरा. सकाळी ७ ते रात्री ९ दर तासाला मोबाइलने एक चित्र घ्या. दिवसाला १५, दहा दिवसांत १५०. सेकंदाला १० या वेगाने जोडलीत, की १५ सेकंदांचा चित्रपट तयार!

मोबाइल दर वेळी त्याच जागी हवा. तो विटेला टेकवा, भोवती खडूने रेघ मारा. दिवाही एकच ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकते. पाणी घालताना माझी वाटी जराशी फिरली, तर पडद्यावर रोपाने गिरकीच घेतली! जोडताना पुसट चित्रे काढून टाका. पण लागोपाठची चार काढलीत, तर रोप उडी मारील.

आता नीट पाहा. चवळी मान वाकवून मातीबाहेर येते, मग ताठ होते, आणि शेंडा डोलत डोलत वर चढतो.