दुधी धरत का नाही?



जुलै उजाडला की मंडळात दर वर्षी तीच तक्रार ऐकू येते. वेल मांडवावर चढला, पांढरी फुलं भरपूर आली, पण दुधी काही धरत नाही. बोटाएवढा होतो, पिवळा पडतो आणि गळून जातो. मग कोणी खताला दोष देतं, कोणी भारतातून आणलेल्या बियांना. आमच्या मते बऱ्याचदा कारण साधं असतं: फुलाकडे वेळेवर कोणी फिरकलेलंच नसतं.

दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर येतं. मादी फुलाच्या खाली इवलासा दुधी आधीपासूनच दिसतो. नराचे परागकण मादीपर्यंत पोचले नाहीत तर तो वाढत नाही. हे पराग चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. कोणीतरी किडा लागतोच.

लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेव्हा मधमाश्या, भुंगे कामावर असतात, म्हणून भोपळा सहज धरतो. (अमेरिकेत भोपळ्याच्याच परागावर पोसणाऱ्या खास माश्या आहेत. त्यांचे नर मिटलेल्या फुलातच झोपतात!) दुधी मात्र उमलतो संध्याकाळी. पडवळ आणि दोडकाही तसेच, घोसाळं तेवढं सकाळचं. तोवर मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात. अंधारात पांढऱ्या फुलावर येतात ते पतंग. नुसतं लॉन आणि रात्रभर जळणारे दिवे असलेल्या वस्तीत ते कमीच. टोमॅटोची पानं फस्त करणारी, शेपटीला शिंग असलेली ती जाड हिरवी अळी आठवते ना? तिचाच पुढे रात्री फुलांवर फिरणारा मोठा पतंग होतो. तिला टोमॅटो खाऊ द्या असं आम्ही म्हणत नाही! पण सरसकट औषध मारण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

औषधावरून आणखी एक. मधमाश्या वाचाव्यात म्हणून संध्याकाळी फवारा, असं सांगतात. भोपळ्याला ते ठीक, दुधीला नाही. नेमकं तेव्हाच त्याचं फूल उघडं असतं. फुलांवर काहीच न मारलेलं बरं.

पतंगांची वाट बघायची नसेल तर काम हातानेच करा. दिवे लागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. मुलांना हे काम फार आवडतं. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, त्यात काळजीचं काही नाही. मुख्य वेलाचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं जास्त करून त्यांवरच येतात. तीन-चार दिवसांत फुलाखालचा दुधी हिरवागार राहून फुगायला लागला, तर जमलं.