पैलवान पोसायचा तर खुराक हवा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले की बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या कितीतरी घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. पन्नास ते ऐंशी हजारांची तयारी असेल तर दुकानदार दोन प्रकारची यंत्रे पुढ्यात ठेवतो. एक पातळ, हलके, आवाज न करणारे. दुसरे जाड, वजनदार, मागच्या बाजूला हवेच्या जाळ्या, बटणांखाली प्रकाश, आणि नाव व्हिक्टस, एलओक्यू, टफ किंवा नायट्रो असे काहीतरी. मुलांचा डोळा दुसऱ्यावर असतो आणि आईवडिलांना त्यातला ‘गेमिंग’ हा शब्दच खटकतो. मग वाद खेळ आणि अभ्यास यांच्यावर रंगतो, आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉप घेताना परवडतो, पण तो चालवायला वीज, हवा आणि बसायला जागा या तीन गोष्टी रोज द्याव्या लागतात. जिथे त्या मिळतात तिथे एवढ्या पैशांत याच्याइतके काम करणारा दुसरा लॅपटॉप नाही. जिथे मिळत नाहीत तिथे तेच पैसे वाया जातात.

याचे कारण पैसा कुठे खर्च झाला यात आहे. ठरलेल्या किमतीत कंपनीला सगळेच चांगले देता येत नाही. अशा लॅपटॉपमध्ये पैशाचा मोठा वाटा प्रोसेसर आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड या दोन भागांवर जातो. पडदा, बॅटरी, स्पीकर, बांधणी यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच वेळी हजारो छोटी गणिते करणारी चिप. खेळातले दृश्य रंगवण्यासाठी ती घडवली गेली, पण व्हिडिओ जोडणे, त्रिमित आराखडा फिरवून पाहणे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे छोटे मॉडेल चालवणे ही कामेही मुळात तशाच गणितांची आहेत. इथे एक खाचखळगा मात्र आहे. खोक्यावर कार्डाचे नाव सारखे असले म्हणून ताकद सारखी नसते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपचे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादेत बसवता येते. मर्यादा कमी ठेवली तर तेच नाव बरेच कमी काम देते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न कार्ड किती वॉटचे, हा विचारावा आणि दुसरा रॅम एका पट्टीत आहे की दोन पट्ट्यांत, हा. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते आणि वेगातला फरक जाणवतो.

आपल्या भागात या ताकदीला काम आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९७९ पासून सुरू आहे, आणि ती उभी आहे उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या फौंड्र्या आणि मशीन शॉपच्या शेजारीच. ओतकामाच्या साच्याचा आराखडा आता संगणकावर त्रिमितीत होतो, आणि शेकडो सुटे भाग एकत्र जोडलेली रचना पातळ लॅपटॉपवर फिरवायला गेले की चित्र अडखळते. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांचेही तसेच. हळदीपासून वरातीपर्यंतच्या चित्रीकरणातून तासाभराचा व्हिडिओ बाहेर काढायचा, तर कार्डातली व्हिडिओसाठीची खास यंत्रणा प्रोसेसरचा पुष्कळ भार उचलते. अर्थात मर्यादाही ठाऊक असाव्यात. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरसाठी व्यावसायिक श्रेणीची कार्डे प्रमाणित केलेली असतात. गेमिंगची जीफोर्स कार्डे त्या यादीत नसतात. विद्यार्थ्याचे त्यावाचून अडत नाही, पण रोजचा धंदा त्यावर चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता खुराकाकडे वळू. पहिली गोष्ट वीज. बॅटरी साधारण ५० ते ६० वॉट-तासांची असते आणि जड काम चालू असताना यंत्र १५० वॉटच्या आसपास ओढते. पन्नासला दीडशेने भागले की वीस मिनिटे येतात. बॅटरीला एवढी वीज सलग देणेही झेपत नाही, म्हणून प्लग काढला की यंत्र आपणहून कार्डाचा वेग उतरवते. तेव्हा ‘चार्जिंगवर नसताना गेम अडकतो’ ही तक्रार बिघाडाची नसते. लिखाण, वाचन, व्याख्यान ऐकणे यांसाठी ही बॅटरी चार-पाच तास टिकते, पण तिच्याकडून त्याहून जास्त मागू नये. वळवाच्या पावसात वीज गेली की भार घरच्या इन्व्हर्टरवर येतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. घट आणि राखीव साठा सोडून १२०० धरले, तर पंखे-दिव्यांचा २०० वॉटचा भार सहा तास निघतो. त्यावर १५० वॉटचा लॅपटॉप लावला की तेच सहा तास साडेतीनवर येतात.

वीजबिलाचा हिशेबही मांडायला हवा. रोज चार तास जड काम म्हणजे महिन्याला १८ युनिट. कर्नाटकातल्या घरांना २०२३ पासून गृहज्योती योजनेत वीज मोफत आहे, पण घराच्या आधीच्या सरासरीवर साधारणपणे दहा टक्के वाढ एवढीच, आणि तीही २०० युनिटच्या आत. सरासरी ९० युनिट असलेल्या घराला ९९ पर्यंत माफी. लॅपटॉप धरून वापर १०८ झाला तर फक्त नऊ युनिटचे पैसे पडतात. तो बोजा जाणवण्यासारखा नाही. पण ज्या घराची सरासरी १८५ आहे तिथे हेच १८ युनिट वापर २०३ वर नेतात, आणि २०० ओलांडले की पूर्ण बिल भरावे लागते. त्या घराने आधी बाकीचा वापर आवरायला हवा.

दुसरी गोष्ट हवा. असा लॅपटॉप उलटा करून पाहिला की त्याची गरज डोळ्यांना दिसते. तळाला चिरांची लांब जाळी, तिच्या आत दोन पंखे, कडेला तांब्याच्या नळ्या आणि कंगव्याच्या दातांसारखी बारीक पाती. तळातून गार हवा आत येते, पात्यांवरची उष्णता घेऊन मागून बाहेर जाते. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या चादरीवर ठेवला की जाळी बंद होते, प्रोसेसर ९० अंशांच्या वर जातो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मग ‘महिन्याभरात स्लो झाला’ असे वाटू लागते. धुळीने हेच सावकाश होते. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींजवळची बारीक भुकटी असो की फौंड्रीची वाळू, ती त्या पात्यांत नमद्यासारखी बसते. लोखंडी कण तर वीजही वाहून नेतात, म्हणून असे यंत्र शॉप फ्लोअरवर उघडे ठेवू नये. तळाखाली दोन बोटे जागा राहील असे स्टँड आणि वर्षातून एकदा जाणत्याकडून आतली सफाई, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात. पंख्यांचा आवाज तेवढा राहतो. जड काम करताना तो शेजारच्याला ऐकू जाणारच.

तिसरी गोष्ट जागा. यंत्र सव्वादोन किलोंच्या घरात, अडॅप्टर धरून तीन किलोंच्या जवळ. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. रोज एसटी किंवा कर्नाटकाच्या बसने उभ्याने जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर हे ओझे टाकणे योग्य नाही. तिला हलका लॅपटॉपच बरा. वसतिगृहात राहून शनिवार-रविवारी घरी येणाऱ्याला मात्र हे सहज जमते. पडद्यामुळेही पक्की जागा लागते. १४४ हर्ट्झचा वेग जाहिरातीत ठळक असतो, पण स्वस्त पडदा बहुधा ४५ टक्के एनटीएससीचा, म्हणजे रंगांची झेप तोकडी. नवरीच्या शालूचा डाळिंबी रंग त्यावर विटकरी दिसतो. तो पाहून रंग चढवले की छापलेल्या अल्बममध्ये शालू भडक लाल होऊन येतो. अल्बमचे काम करणाऱ्याने टेबलावर चांगल्या रंगाचा वेगळा मॉनिटर ठेवायलाच हवा.

यावर काही जण म्हणतील, टेबलावरच ठेवायचे तर डेस्कटॉप काय वाईट? म्हणणे रास्त आहे. त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त थंड चालतो, टिकतो, भाग बदलता येतात. पण वीज गेली की तो त्या क्षणी बंद पडतो आणि न जपलेले काम जाते. लॅपटॉपची तुटपुंजी बॅटरीही काम जपायला पुरते. शिवाय चार वर्षांत तीन खोल्या बदलणाऱ्या विद्यार्थ्याला डेस्कटॉप हलवणे सोपे नाही. जो घरी राहूनच शिकणार त्याने डेस्कटॉप जरूर घ्यावा. दुसरा आक्षेप असा की जड काम आता इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर फुकट होते. होते, पण तिथे वेळेची मर्यादा असते आणि मोठ्या फायली चढवा-उतरवायला चांगली जोडणी लागते. तिसरा आक्षेप पालकांचा, मुले खेळतच बसतील. ही काळजी खोटी नाही. पण मुलाच्या खिशातल्या मोबाइलवर खेळ आधीच आहेत, आणि गेमिंग न म्हणता विकलेल्या लॅपटॉपवरही व्हॅलोरंटसारखा हलका खेळ चालतो. ‘गेमिंग’ शब्द टाळून यंत्र घेतल्याने मुलाचा वेळ वाचत नाही. जाते ती फक्त अभ्यासाला लागणारी ताकद. वेळेची शिस्त घरात बोलूनच ठरवावी लागते.

खरेदी कुठे करावी, हा प्रश्न सीमेवर नेहमीचा. निपाणीला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, निपाणी मात्र कर्नाटकात. बाजार बेळगावचा आणि कोल्हापूरचाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून दोन्हीकडे लॅपटॉपवर १८ टक्केच कर आहे, त्यामुळे केवळ करासाठी हद्द ओलांडण्यात अर्थ उरलेला नाही. त्यापेक्षा त्या कंपनीचे अधिकृत दुरुस्ती केंद्र कुठे आहे आणि माणूस घरी येऊन दुरुस्त करतो का, हे विचारून मग दुकान ठरवावे. घरी आल्यावर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चालू करावी. सतत प्लगला असणाऱ्या बॅटरीचे आयुष्य त्याने वाढते.

तालमीचा हा मुलूख आहे. घरात पैलवान तयार करायचा तर दूध-बदाम, मेहनत आणि आखाडा यांची सोय आधी बघतात, मगच मुलाला लंगोट देतात. लॅपटॉपचा निर्णयही त्याच क्रमाने व्हावा. मुलाच्या खोलीत टेबल आहे का, त्याच्याजवळ खात्रीचा प्लग आहे का, आणि पुढच्या चार वर्षांत त्याला खरोखर जड काम आहे का, हे घरी बसून ठरवावे. तिन्हींचे उत्तर होय असेल तर नावाला बिचकू नये. एकाचेही उत्तर नाही असेल तर हलके यंत्र घ्यावे आणि उरलेल्या पैशांत मुलासाठी चांगले टेबल-खुर्ची करून द्यावी.