लोहचुंबकाची स्मरणशक्ति

शिवणकामाची एक पोलादी सुई घेऊन तिजवरून लोहचुंबकाचें टोंक एकाच दिशेनें वीस-पंचवीस वेळां फिरवावें. म्हणजे ती सुई स्वतः चुंबक होते, व दोऱ्यानें आडवी टांगली असतां दक्षिणोत्तर स्थिर राहते. हा प्रयोग आमच्या विद्यार्थिमित्रांनीं केलेला असेलच. चुंबक दूर नेला तरी सुई त्याची शिकवण विसरत नाहीं. ह्या न विसरण्यावरच संगणकाच्या स्मृतीचा मोठा भाग उभा आहे. तो कसा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

अशा आठ सुया ओळीनें मांडल्या, तर प्रत्येकीचें उत्तर टोंक डावीकडे तरी असेल, नाहीं तर उजवीकडे. आठांच्या मिळून २५६ निरनिराळ्या मांडण्या होतात. एकेका मांडणीस एकेक अक्षर नेमून दिलें कीं सुयांची ओळ वाचतां येऊं लागली!

डेन्मार्कच्या पौल्सेन ह्यांनीं १८९८ सालीं पोलादी तारेवर मनुष्याचा आवाज सांठविला. जर्मनींत फ्लॉयमर ह्यांनीं १९२८ सालीं कागदी फितीवर लोहचूर्ण बसवून तीच युक्ति सोपी केली. आपल्या मुंबईंतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेलें ‘टिफ्रॅक’ हें गणकयंत्र १९६० सालीं रीतसर सुरू झालें. त्याच्या स्मृतींत फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओंविल्या होत्या. ४० कड्यांचा एक शब्द, व असे २०४८ शब्द. म्हणजे एकंदर ८१,९२० कड्या. गंमत अशी कीं, अशी कडी वाचतांच तिच्यांतील खूण पुसली जाई. म्हणून वाचलेलें लागलेंच पुन्हां लिहावें लागे. हल्लींच्या हार्ड डिस्कमध्यें कड्यांच्या जागीं फिरत्या तबकडीवरील अतिसूक्ष्म चुंबकीय ठिपके असतात. पेन ड्राइव्ह व मोबाइल ह्यांतील स्मृति मात्र चुंबकाची नव्हे, सांठविलेल्या विद्युद्भाराची होय.

आतां ही माहिती एका गांवाहून दुसऱ्या गांवीं न्यावयाची कशी? दोन लाख कोटि अक्षरांची हार्ड डिस्क भरली आहे, असें समजा. एका अक्षरास आठ खुणा, म्हणजे सोळा लाख कोटि खुणा झाल्या. तारेंतून सेकंदास एक कोटि खुणा जात असतील, तर सोळा लाख सेकंद, म्हणजे सुमारें साडेअठरा दिवस लागतील. तीच डिस्क पिशवींत घालून माकणीहून एस. टी.नें उमरग्यास नेली, तर त्याच दिवशीं पोंचते!

परंतु सुई लाल होईतों तापविली, तर तिचें चुंबकत्व नाहींसें होतें. हातोडीचे घाव घातले, तर तें क्षीण होतें. चालती तबकडी आपटली तर तीहि निकामी होते. वस्तु एकाच ठिकाणीं असणें किती धोक्याचें, हें तेरणाकांठच्या लोकांस निराळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीचीं घरें क्षणांत कोसळलीं, हजारों माणसें गेलीं, आणि घराघरांतील पेट्या, कागद, छायाचित्रें ढिगाऱ्याखालीं गाडलीं गेलीं. नोंदविलेल्या खरेदीखताची नक्कल निबंधकाच्या कचेरींतून पुन्हां काढतां येते. आजीच्या आवाजाची नक्कल कोणत्याहि कचेरींत नसते.

म्हणून आमचें विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच: जें गमावून चालणार नाहीं, त्याची एक प्रत घरीं ठेवा व दुसरी परगांवच्या आप्ताकडे. वर्षांतून एकदां दोन्ही उघडून पाहा, आणि जुन्या झालेल्या प्रतीवरून नवी उतरून घ्या. लोखंड स्मरण ठेवितें खरें. पण त्याला आठवण करून देण्याचें काम मनुष्याचेंच आहे.