नाडीचा ठेका चुकतो तेव्हा

माझ्या सासूबाईंचं माहेर धारवाडचं. सत्तरी ओलांडली, बेळगावात पन्नास वर्षं संसार झाला, तरी दुखलंखुपलं की त्यांच्या तोंडी कन्नडच येते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्या अधूनमधून म्हणू लागल्या, ''एदी ढवढव अंतद, गाबरी आगताद.'' डॉक्टरांकडे नेलं. कॉलेजात मराठी शिकवणारी सून म्हणून दुभाषाचं काम माझ्याकडे. मी सांगितलं, ''छातीत धडधडतं म्हणतात, फार घाबरतात हो.'' पित्ताच्या आणि शांत झोपेच्या गोळ्या घेऊन आम्ही परतलो. 'गाबरी' म्हणजे आपलं घाबरणंच, असं मी धरून चालले. त्यांना सांगायचं होतं की जीव कासावीस होतो.

पंधरा दिवसांनी रात्री जेवताना त्यांच्या हातातला घास गळून पडला, बोलणं बोबडं झालं. दहा मिनिटांत सारं पूर्ववत! ''एन आगिल्ल, बिडू,'' म्हणत त्या उठल्याही. यजमानांनी मात्र ऐकलं नाही, तडक हॉस्पिटल गाठलं. मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं अडला होता. ईसीजी काढला, तो सरळ आला.

तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला बाजूला बसवलं आणि थेट त्यांनाच विचारलं, ''अज्जी, हेंग बडीतद? टेबलम्याल तोरस्री.'' कसे ठोके पडतात, टेबलावर वाजवून दाखवा. सासूबाई दासरपदं म्हणणाऱ्या, तालाच्या पक्क्या. त्यांनी बोटांनी वाजवलं. दोन ठोके जवळ, एक लांब, मग तीन भराभर. मध्येच थांबून म्हणाल्या, ''ताळ सिगवल्दु.'' तालच सापडत नाही! डॉक्टर म्हणाले, ''मला हेच हवं होतं.'' चोवीस तास छातीवर होल्टर नावाचं यंत्र लावलं, आणि पहाटेच्या वेळी तो हरवलेला ताल कागदावर सापडला. निदान झालं, एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयातली वीज

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर जे समजून घेतलं, ते वाचकांच्या घरी उपयोगी पडावं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. तिथून विजेचा सूक्ष्म इशारा निघतो आणि ठोका पडतो. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ माजतो. ते नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. वाढतं वय, रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, झडपांचे आजार, दारू ही त्याची नेहमीची कारणं.

म्हणून उपचार दुहेरी. एक, ठोक्यांचा वेग किंवा ताल आवरणारी औषधं. काहींना कॅथेटरने ॲब्लेशन. दुसरा, रक्त गोठू न देणारी गोळी. नुसत्या ॲस्पिरिनने हे काम भागत नाही. वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर ही रक्तचाचणी वेळोवेळी करावी लागते आणि मेथी-पालकाचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं लागतं. नव्या गोळ्यांना ही चाचणी लागत नाही; पण कृत्रिम धातूची झडप असेल किंवा संधिवाताच्या तापाने झडप फार आकसली असेल, तर वॉरफेरिनच देतात. 'आता बरं वाटतंय' म्हणून ही गोळी मनाने बंद करू नये.

प्रत्येक धडधड तशीच नसते

मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, तो बहुधा निरुपद्रवी असतो. काहींना, तरुणांनाही, बटण दाबल्यासारखी एकदम दीडशेच्या वर धडधड सुरू होते आणि तशीच एकदम थांबते. त्याला एसव्हीटी म्हणतात. ॲब्लेशनने तो बहुतेकांचा कायमचा बरा होतो. उलट, नाडी चाळिशीच्या आसपास आली आणि भोवळ येत असेल तर इशारा वाटेत अडत असण्याची शक्यता असते. तिथे पेसमेकर लागू शकतो. जगातला पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये शरीरात बसवला गेला. तो रुग्ण २००१ पर्यंत जगला!

धडधडीबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं, किंवा तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. लक्षण ओसरलं तरी जा. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वासही नीट नाही, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा.

तीन बोटं, एक मिनिट

नाडी पाहणं सोपं आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवा. आपला अंगठा वापरू नका. पुरतं एक मिनिट मोजा. आकड्याबरोबर ठेकाही बघा. वेडावाकडा वाटला तर ईसीजी काढून घ्या. तो सरळ आला आणि त्रास चालूच राहिला, तर होल्टरबद्दल विचारा.

आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांसाठी एक सांगते. आजारी माणसाला त्याच्याच शब्दांत बोलू द्या, भाषांतर नंतर करा. 'नाडी' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, पण 'गाबरी'ने मला फसवलं.

सासूबाई आता रोज दोन वेळा गोळी घेतात. रविवारी सकाळी मी त्यांची नाडी मोजते. त्या डोळे मिटून बसतात आणि मिनिट संपायच्या आत विचारतात, ''ताळ सरी अद ऐन?'' ताल बरोबर आहे ना?